टाकीवरची रेघ कुणाची? जुन्या आणि घडवलेल्या मोटारसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात जुन्या मोटारसायकलींच्या रंगकामावर आलेल्या टिपणानंतर बरीच पत्रे आली. गाडीची किंमत किती येईल किंवा अमुक सुटा भाग कोठे मिळेल एवढेच विचारणारी पत्रे बाजूला ठेवून, ज्या पत्रांत गाडी घडवणाऱ्या आणि रंगवणाऱ्या माणसांविषयी कुतूहल होते ती येथे घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९६८ साली घेतलेली जावा आमच्या पडवीत कित्येक वर्षे झाकून उभी आहे. रंग विटला आहे, टाकीच्या क्रोमवर गंजाचे ठिपके आहेत, पण मूळ रेघा अजून दिसतात. येथील गॅरेजवाले ‘काका, शोरूमसारखी करून देतो, ओळखूही येणार नाही’ असे म्हणतात. काम करून घ्यावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘ओळखूही येणार नाही’ या आश्वासनातच खरा धोका आहे. तुमची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली आहे. तेथे १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियातील मूळ आराखड्यावरून या गाड्या बनू लागल्या, पुढे १९७३ पासून त्या येझ्दी नावाने विकल्या गेल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गिअर यांसाठी एकच दांडी, खिळ्यासारखी चावी या तिच्या खुणा सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यातले बहुतेक सुटे भाग आज नवे बनवूनही मिळतात. नव्याने बनवून मिळत नाही तो कारखान्यातला रंग आणि त्यावरची रेघ.

गॅरेजमध्ये साधारण काय होते ते पाहा. टाकीला रिमूव्हर लावून सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडतात, पोचे ठोकून काढण्याऐवजी त्यांत लांबी (पुट्टी) भरतात, पॉलिश पेपर मारतात, मग दोन घटकांचा आधुनिक पीयू (पॉलियुरेथेन) रंग फवारतात आणि शेवटी रेघेच्या जागी स्टिकर चिकटवतात. दिसायला गाडी झगझगीत दिसते. किंबहुना म्हैसूरहून निघताना ती कधीच इतकी चकाकत नव्हती, कारण त्या काळचा भट्टीत भाजलेला एनॅमल रंग खोल आणि काहीसा मऊ तकाकीचा असे. पण तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांनी घासून जिथे रंग पातळ झाला आहे, जिथे रेघ काढणाऱ्याचा ब्रश उचलला गेल्याची खूण आहे, ते सारे त्या रिमूव्हरबरोबर गटारात जाते आणि पैसे मोजून परत आणता येत नाही.

म्हणून आधी गाडी आहे तशी सर्व बाजूंनी, विशेषतः टाकी, पेट्रोलच्या झाकणाभोवतीचा भाग, मडगार्डच्या आतील बाजू आणि इंजिन व चासी नंबर यांची, उन्हात आणि सावलीत छायाचित्रे काढून ठेवावीत. मग साध्या सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थोडे रबिंग कंपाउंड लावून खालचा रंग किती जिवंत आहे ते पाहावे. अनेकदा विटलेला वाटणारा थर नुसता ऑक्सिडेशनचा असतो आणि त्याखाली मूळ मरून रंग शाबूत निघतो. त्यावर मेणाचा हात दिला की पुरे. क्रोमवरील ठिपके बारीक स्टील वूल आणि तेलाने बरेच कमी होतात. संपूर्ण टाकी पुन्हा निकेल-क्रोमला देण्याचा मोह टाळावा, कारण त्यासाठी बफ मारताना जुना पत्रा आणखी पातळ होतो आणि त्याच कामात शेजारचा रंगही जातो. टाकीच्या आतला गंज मात्र काढलाच पाहिजे, नाहीतर तो कार्ब्युरेटरमध्ये उतरेल.

इंजिन लगेच किक मारून पाहू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग दांडी हाताने हळूहळू फिरवावी. क्रँकचे सील वर्षानुवर्षे वाळून कडक झालेले असतात आणि टू-स्ट्रोक इंजिनात सील गळके असतील तर गाडी सुरू होऊनही नीट चालत नाही. तो खर्च जरूर करावा. माझे मत असे आहे की यंत्रात हवा तेवढा पैसा घालावा आणि कातडीला हात लावू नये. पत्रा गंजून आरपार गेला असेल किंवा मधल्या काळात कोणी गाडी आधीच दुसऱ्या रंगात रंगवून टाकली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा रंग जरूर काढावा, मात्र जुन्या रंगाचा एखादा तुकडा नमुना म्हणून राखून त्यावरून छटा जुळवून घ्यावी आणि रेघ हाताने काढणारा माणूस शोधावा.

कागदपत्रांविषयीही एक सूचना आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये असे त्या नियमांत आहे. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर राखता येतो. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे इत्यादी कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या ये-जा करण्यासाठी नाही. चासीत किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असल्यास हा मार्ग बंद होतो, हेही गॅरेजवाल्याला हो म्हणण्याआधी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेघा खरोखर हाताने काढतात, असे आमचे एक स्नेही ठामपणे सांगतात. माझा मुलगा म्हणतो, ते सगळे स्टिकर असतात. कोणाचे खरे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गाडी कोणती त्यावर अवलंबून आहे. रॉयल एनफिल्डच्या अनेक मॉडेलांवर आज स्टिकर असतात, तथापि बुलेटच्या पारंपरिक टाकीवरच्या रेघा चेन्नईच्या कारखान्यात ब्रशने हाताने काढल्या जात आल्या आहेत आणि हे काम करणाऱ्या दोन भावांविषयी कंपनीने स्वतः कौतुकाने सांगितले आहे. बुलेट हे नाव इंग्लंडमधील रेडिचच्या कंपनीने १९३२ मध्ये वापरात आणले. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि तिरुवोट्टियूर येथे गाड्या बनू लागल्या. इंग्लंडमधील मूळ उत्पादन १९७० च्या सुमारास थांबले. एकेकाळी इंग्लंड-जर्मनीतल्या जवळजवळ प्रत्येक मोटारसायकल कारखान्यात रेघा काढणारे कारागीर असत आणि त्यांचा हात घोडागाड्या रंगवणाऱ्यांच्या परंपरेतून आलेला असे. बीएमडब्ल्यूच्या काळ्या गाड्यांवरील पांढऱ्या दुहेरी रेघा हा त्याचाच एक नमुना. मायदेशी कारखाना मिटला तरी ही रीत मद्रासला चालू राहिली, याचे मला नेहमी नवल वाटते.

हाताची रेघ ओळखणे कठीण नाही. टाकी प्रकाशाकडे तिरपी धरून रेघेवरून नख फिरवावे. स्टिकरला दोन्ही बाजूंना सारखी, धारदार कड लागते आणि वरून लॅकर (पारदर्शक चकाकीचा थर) मारलेले असेल तर ती कड लॅकरखाली पायरीसारखी दिसते. ब्रशच्या रेघेला कडेला किंचित उंचवटा असतो, कारण एनॅमल रंग वाळताना काठाशी थोडा जमतो. टाकीच्या पुढच्या वळणाजवळ, जिथे कारागिराने एक फटकारा संपवून दुसरा जोडला, तिथे रेघ केसभर जाड झालेली आढळते. डावी आणि उजवी बाजू मोजून पाहिली तर क्वचित मिलिमीटरभराचा फरक निघतो. तो दोष मानून तक्रार करणारे ग्राहकही असतात म्हणे. त्यांना स्टिकरच योग्य.

प्रश्न : माझ्या मैत्रिणींमध्ये ‘वॉन डच’ लिहिलेल्या टोप्यांची पुन्हा फॅशन आली आहे. हे एका मोटारसायकल रंगवणाऱ्या माणसाचे नाव आहे, असे कळले. तो कोण होता? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : त्याचे खरे नाव केनेथ हॉवर्ड. जन्म १९२९, मृत्यू १९९२, कर्मभूमी लॉस एंजेलिस आणि आसपासचा प्रदेश. वडील पाट्या रंगवत, त्यामुळे ब्रश घरातच होता. कोवळ्या वयात मोटारसायकलींच्या दुकानात काम करताना त्याने गाड्यांवर रेघा काढायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या कारखान्यांतून हाताची रेघ जवळजवळ नाहीशी झालेली होती. हॉवर्डने ती परत आणली, पण वेगळ्या वेशात. कारखान्यातली रेघ पत्र्याच्या आकाराच्या मागून मुकाट्याने चालत असे, तर याची रेघ मध्येच वळण घेई, स्वतःलाच ओलांडून जाई आणि मधल्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी उलगडून मुखवट्यासारखे, ज्वाळेसारखे आकार तयार करी. जुन्या गाड्या कापून-जोडून नव्याने घडवताना ग्राइंडरचे जे ओरखडे राहत ते झाकण्यासाठी या नक्षीचा उपयोग होई, असे सांगितले जाते. १९५० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात त्याच्या हातची रेघ गाडीवर असणे ही मिरवण्याची बाब झाली. पंख फुटलेला डोळा ही त्याची खूण आजही जगभर रंगवली जाते.

त्याच वर्तुळातला दुसरा मोठा कलावंत म्हणजे एड रॉथ (१९३२–२००१). जत्रांमधून आणि प्रदर्शनांतून एअरब्रशने टी-शर्ट रंगवून विकणाऱ्या या माणसाने ‘रॅट फिंक’ नावाचा एक ओंगळ, डोळे बाहेर आलेला हिरवा उंदीर जन्माला घातला आणि गोड गोजिऱ्या कार्टून उंदरांची चांगलीच जिरवली.

टोपीविषयी बोलायचे तर हॉवर्डचा तिच्याशी काही संबंध नाही. त्याच्या मृत्यूनंतर मुलींनी नावाचे हक्क विकले आणि २००० नंतरच्या काही वर्षांत ते नाव कपड्यांचे महागडे लेबल झाले. स्वतः हॉवर्डने उत्तरायुष्यातली बरीच वर्षे एका जुन्या बसमध्ये राहून काढली. पैशाविषयी तो बेफिकीर होता, दारूच्या पुरता आहारी गेलेला होता आणि त्याची वंशद्वेषी मते त्याच्याच हस्ताक्षरात उपलब्ध आहेत. त्याच्या हाताचे कौतुक करताना हे लपवण्याचे कारण नाही. टोपी घालायची की नाही हे तुमच्या मैत्रिणींनी ठरवावे.

प्रश्न : चॉपर, बॉबर आणि कॅफे रेसर यांत नेमका फरक काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बॉबर म्हणजे वजन उतरवलेली गाडी. महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत स्वारांनी पुढचे मडगार्ड काढून टाकले, मागचे आखूड कापले आणि अनावश्यक ते सारे फेकून दिले. चॉपरमध्ये त्यापुढे जाऊन चासीच कापतात, पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) लांब आणि तिरका करतात, टाकी लहान घेतात, मागे उंच टेका लावतात. म्हणजे सुरुवात वेगासाठी झाली आणि शेवट दिसण्यात झाला. कॅफे रेसर ही इंग्लंडची. खाली बांधलेला हँडल, मागे सरकवलेले पायटे, लांबट टाकी आणि स्वार टाकीवर ओणवा. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील एस कॅफे हे या पोरांचे ठिकाण होते. तो १९६९ मध्ये बंद झाला आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू झाला. नॉर्टनच्या चासीत ट्रायम्फचे इंजिन बसवलेली ‘ट्रायटन’ ही या पंथातली मानाची गाडी. १९६० च्या दशकात रॉयल एनफिल्डने २५० सीसीची काँटिनेंटल जीटी काढून हीच तऱ्हा थेट शोरूममध्ये आणली. २०१३ मध्ये तेच नाव चेन्नईत बनलेल्या गाडीला मिळाले.

प्रश्न : ‘ईझी रायडर’ चित्रपटातील अमेरिकी झेंड्याच्या टाकीची चॉपर ही माझ्या तरुणपणातली स्वप्नातली गाडी. गेली अनेक वर्षे मी अमेरिकेत राहतो, पण ती गाडी बनवली कोणी, हे मला कोणी सांगू शकले नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुम्हाला कोणी सांगू शकले नाही, यात तुमचा दोष नाही, कारण १९६९ च्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही ती घडवणाऱ्यांची नावे नाहीत. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ली-डेव्हिडसन गाड्यांवरून त्या चॉपर घडवल्या गेल्या. त्यांची कल्पना आणि जुळवाजुळव क्लिफ व्हॉन यांची आणि प्रत्यक्ष बांधणीत मोठा वाटा बेन हार्डी यांचा होता. दोघेही कृष्णवर्णीय. व्हॉन हे नागरी हक्कांच्या चळवळीत उतरलेले कार्यकर्ते आणि छायाचित्रकार होते. हार्डी यांचे शहराच्या कृष्णवर्णीय वस्तीत मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि तेथील पोरांचे ते उस्ताद होते. चित्रपटाने जगाला चॉपर दाखवली आणि पडद्यावर व पडद्यामागे ती गोऱ्या तरुणांच्या बंडाची खूण ठरली. जिथून ती आली ती वस्ती मात्र कथेतून गळून गेली. हार्डी १९९४ मध्ये वारले. दोघांची नावे सर्वत्र घेतली जाऊ लागली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. व्हॉन यांना ते निदान पाहता आले, त्यांचे निधन २०१६ मध्ये झाले.

गाड्यांचे पुढे काय झाले, तीही एक गंमत आहे. चित्रीकरणासाठीच्या काही गाड्या चित्रपट पडद्यावर येण्याआधीच चोरीला गेल्या. शेवटच्या दृश्यात मोडलेल्या गाडीवरून उभी केल्याचे सांगितले जाते अशी एक गाडी २०१४ मध्ये लिलावात साडेतेरा लाख डॉलरला गेली, आणि ती अस्सल की नाही यावर वाद झाला. ज्यांनी मूळ गाडी बनवली त्यांचा हात कोणता हे वेळीच नोंदवले असते, तर हा वाद सोडवणे सोपे झाले असते.

तुमच्या पिढीच्या स्वप्नांना आकार देणारा आणखी एक माणूस येथे सांगायला हवा, तो म्हणजे डेव्हिड मान (१९४०–२००४). कॅन्सस सिटीच्या या चित्रकाराचे पहिले मोटारसायकल-चित्र १९६३ मध्ये वर उल्लेखिलेल्या एड रॉथने ८५ डॉलरला विकत घेऊन त्याचे पोस्टर छापले. पुढे १९७० च्या दशकापासून ‘ईझीरायडर्स’ मासिकाच्या मधल्या दुहेरी पानावर त्याची चित्रे येत राहिली. त्याच्या चित्रांत फोर्क खऱ्यापेक्षा लांब, रस्ता रिकामा आणि आभाळ जांभळे-केशरी असते. अमेरिकेतल्या कित्येक गाडी घडवणाऱ्यांनी ती पाने भिंतीला लावून त्यांवरून गाड्या बनवल्या. गाडीवरून चित्र काढण्याचा नेहमीचा क्रम त्याने उलटा केला.

प्रश्न : हे सारे हौसेचे ठीक आहे, पण याला ‘कला’ म्हणणे जरा जास्त होत नाही का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : हाच आक्षेप १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयावर घेतला गेला. तेथील चक्राकार उतारावर ११४ मोटारसायकली मांडल्या होत्या, मांडणी वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांची होती आणि लोकांनी त्या संग्रहालयाच्या इतिहासातली मोठी गर्दी केली. प्रायोजकांत बीएमडब्ल्यू कंपनी होती, त्यामुळे समीक्षकांनी नाके मुरडली आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. गर्दी हा कलेचा पुरावा नव्हे, हे मलाही मान्य आहे.

मी दुसरा पुरावा देईन. शिन्या किमुरा यांनी १९९२ मध्ये जपानमध्ये झिरो इंजिनिअरिंग ही मोटारसायकली घडवण्याची कार्यशाळा सुरू केली. पुढे ते कॅलिफोर्नियातील अझुसा येथे गेले आणि आता तेथे एकट्याने म्हणता येईल अशा रीतीने काम करतात. त्यांच्या गाडीची टाकी ॲल्युमिनियमच्या सपाट पत्र्यातून हातोडीने उठवलेली असते, आणि ती घासून गुळगुळीत करण्याऐवजी ते हातोडीचे व वेल्डिंगचे बरेच ठसे तसेच ठेवतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम केलेला हंडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही नजर अनोळखी वाटणार नाही. तेथेही ठोक्यांची रांग भांड्याला मजबुती देते आणि तीच त्याची नक्षी होते. किमुरांच्या गाड्या चालतात आणि वेगाच्या चाचण्यांतही उतरतात. उपयोगाची वस्तू असूनही ती बनवणाऱ्याचा हात दहा पावलांवरून ओळखू येतो. याला काय म्हणावे ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : मला माझी बुलेट कापून चॉपर करायची आहे. मित्र म्हणतात, पोलीस पकडतील. आपल्याकडे तर एवढ्या सजवलेल्या गाड्या फिरतात! (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मित्रांचे ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणी पुस्तकात उतरलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. चासी कापणे हा त्यातला सर्वांत उघड बदल आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करील, ते वेगळेच. सायलेन्सरविषयी तर बोलायलाच नको, कारण जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम पोलीस आपल्याकडे अधूनमधून करतच असतात आणि या बाबतीत माझी सहानुभूती पूर्णपणे पोलिसांकडे आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी यंत्राचाही एक आक्षेप आहे. फोर्क लांब आणि तिरका केला की पुढचे चाक स्वारापासून दूर जाते, त्यावरचा भार कमी होतो आणि चाक सरळच राहू पाहते. सरळ, रुंद, रिकाम्या हमरस्त्यावर याचे सुख असते, आणि चॉपर जन्मली तीही तशाच रस्त्यांवर. महाद्वार रोडच्या गर्दीत किंवा आंबा घाटाच्या वळणावर तीच गाडी हँडल ओढून खांदे दुखवते, आणि चासीचा जोड कच्चा असेल तर जिवावर बेतते.

भारतात ही कला जोपासणारे लोक आहेत. मुंबईचे अक्षय वर्दे यांची ‘वर्देंची’ आणि जयपूरचे विजय सिंह यांची ‘राजपुताना कस्टम्स’ या कार्यशाळांची नावे तुम्ही ऐकली असतील. त्यांच्या गाड्या गोव्यातल्या मोटारसायकल मेळाव्यांत लोक तासन्‌तास न्याहाळतात. पण प्रदर्शनात ठेवायची गाडी आणि रोज फिरवायची गाडी यांत अंतर आहे. तुमचा जीव टाकीच्या रूपात अडकला असेल, तर एखादी जादा टाकी घेऊन तीच उत्तम रंगवून घ्या. मूळ टाकी जपून ठेवा आणि रंग बदलत असेल तर आधी आरटीओमध्ये विचारून नोंद करून घ्या.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. टाक्यांवर हाताने रेघा काढायला शिकायचे आहे. सुरुवात कशी करावी, आणि यावर पोट भरते का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : पोटाचे आधी सांगतो. नुसत्या रेघांवर भरणार नाही. हेल्मेट, दुकानाच्या पाट्या, काचेवरची अक्षरे, जुन्या गाड्यांची मूळ नक्षी पुन्हा काढून देणे असे सगळे मिळून भरू शकते. आपल्याकडे हे काम करणारे पेंटर प्रत्येक तालुक्याच्या गावी होते. नंबर प्लेटवर ४१४१ हा आकडा ‘दादा’ असा वाचता येईल अशा सफाईने रंगवणारे तेच लोक. नियमाच्या दृष्टीने ते कधीच योग्य नव्हते, पण हात पक्का होता. आधी फ्लेक्सने आणि मग हाय सिक्युरिटी नंबर प्लेटने त्यांचे काम गेले. तुमच्या शहरात असा एखादा वयस्कर पेंटर अजून असेल, तर त्याच्याकडे उमेदवारी करा, कारण कोणत्याही व्हिडिओपेक्षा त्याच्या मनगटाकडे पाहून अधिक शिकाल.

ब्रश तलवारीच्या पात्यासारखा तिरपा, लांब केसांचा असतो. चांगल्या ब्रशचे केस खारीचे असतात. केस लांब असतात कारण त्यांत इतका रंग मावला पाहिजे की टाकीची एक बाजू न थांबता पुरी व्हावी. रंग एनॅमल, पाट्या रंगवण्याच्या जातीचा, कारण तो सावकाश वाळतो आणि ब्रशच्या खुणा स्वतः भरून काढतो. आपल्या उन्हाळ्यात तो ब्रशमध्येच घट्ट होऊ लागतो, तेव्हा सकाळी लवकर बसावे. ब्रश बुडवून थेट गाडीवर टेकवू नये. गुळगुळीत पुठ्ठ्यावर किंवा जुन्या मासिकाच्या चकचकीत पानावर तो दोन्ही बाजूंनी पुन्हापुन्हा ओढून रंग केसांच्या पोटापर्यंत भरावा आणि टोक चाकूसारखे करावे. मग करंगळी पत्र्यावर टेकवून तिच्या आधाराने ब्रश स्वतःकडे ओढावा. रेघ बोटांनी काढायची नसते, खांदा आणि कंबर सरकते आणि हात नुसता बरोबर जातो. जितके केस पत्र्यावर आडवे पडतील तितकी रेघ सरळ राहते आणि वळणावर केस उचलून टोकावर यावे लागते. नजर ब्रशवर ठेवू नये, रेघ जिथे जायची आहे तिथे ठेवावी. काम झाल्यावर ब्रश धुऊन तेलात भिजवून आडवा ठेवावा.

सरावासाठी खिडकीची काच सर्वांत उत्तम, कारण पुसून पुन्हा काढता येते. काचेवर शंभर समांतर रेघा, मग आडव्या, मग एकाच मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी वळणे. डावी बाजू नेहमी उजवीपेक्षा बिघडते (डावखुऱ्यांची उजवी). गाडीवर काम करताना पत्रा आधी मेण आणि सिलिकॉन काढणाऱ्या द्रावणाने पुसावा. पॉलिशचा अंश राहिला तर रंग फाकतो आणि गोल खळगे पडतात. पेट्रोल सांडून रेघ विरघळू नये म्हणून वरून क्लिअर कोट मारतात. तो दोन घटकांचा असेल तर त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते, म्हणून हे फवारणीचे काम योग्य मुखवटा आणि मोकळी हवा असलेल्या पेंट बूथवाल्याकडून करून घ्यावे. रेघेच्या शेपटाशी आपली छोटीशी सही टाकायला लाजू नका. गिऱ्हाईक नको म्हणाले, तर टाकीच्या पोटाखाली टाका.

पहिल्या गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावण्यापूर्वी भंगारवाल्याकडून दोन-तीन वेगवेगळ्या आकारांच्या टाक्या आणाव्यात. राजदूतची, येझ्दीची आणि बुलेटची मिळाली तर उत्तम. या तिन्हींची वळणे तीन प्रकारची असल्याने एकीवर बसलेला हात दुसरीवर अडखळतो, आणि ते अडखळणे गिऱ्हाइकाच्या पैशांवर होण्यापेक्षा भंगारावर झालेले बरे.